झिओलाइटवर तांबे चढवून इंधनातले गंधक काढणे: ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर पद्धत

विदर्भात कच्चे तेल शुद्ध करणारा एकही कारखाना नाही, त्यामुळे आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘डिसल्फरायझेशन’ (इंधनातले गंधक काढणे) हा विषय मुंबई-जामनगरचा वाटतो. पण या विषयाला लागणारा कच्चा माल आपल्या दाराशीच आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस इथल्या औष्णिक वीज केंद्रांची राख म्हणजे सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, आणि झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा स्फटिक, बनतो तो याच दोन गोष्टींपासून. नागपूरच्या ‘नीरी’मध्ये (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) राखेपासून झिओलाइट करण्यावर बरेच काम झालेले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी), कलरीमीटर आणि जवळपास कुठेतरी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल, तर एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून हे काम नीट करता येते. नीट म्हणजे काय, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. माझ्या मते या प्रयोगाचे यश दोन गोष्टींवर ठरते: झिओलाइट किती कोरडा ठेवला, आणि धातू न चढवलेल्या झिओलाइटशी तुलना केली की नाही. बाकी सगळे त्यानंतर.

आधी प्रश्न समजून घ्या

इंधन जळले की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. शिवाय गाडीच्या धुराड्यातला कन्व्हर्टर गंधकामुळे निकामी होत जातो. म्हणून बीएस-४ (वाहनांच्या धुराचे ‘भारत स्टेज’ मानक) मध्ये ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) असलेली गंधकाची मर्यादा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्हींसाठी १० पीपीएमवर आली.

कारखान्यात हे काम हायड्रोजनने होते. अ‍ॅल्युमिनावर बसवलेल्या कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून इंधन आणि हायड्रोजन ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला, मोठ्या दाबाखाली सोडतात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो आणि क्लॉस प्रक्रियेने त्याचे पुन्हा गंधक करतात. थायॉल, सल्फाइड यांसारखी साधी संयुगे सहज जातात. अडचण येते ती डायबेंझोथायोफीन या वलयांच्या मोठ्या रेणूच्या कुळात, विशेषतः ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीनमध्ये. तिथे गंधकाच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट बसलेले असतात, त्यामुळे गंधकाचा अणू उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाला टेकतच नाही.

झिओलाइटचा उपयोग इथे दोन निरनिराळ्या मार्गांनी होतो आणि विद्यार्थी त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिल्या मार्गात झिओलाइट हा उत्प्रेरकाचा आधार असतो. निकेल-मॉलिब्डेनम झिओलाइट वाय मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनावर बसवले, की झिओलाइटची आम्लता त्या मिथाइल गटांना रेणूतच दुसऱ्या जागी सरकवते आणि गंधक उघडा पडतो. आम्लता जास्त झाली तर इंधनच तुटते आणि कोक साचतो, म्हणून तोल सांभाळावा लागतो. हा मार्ग महाविद्यालयात करायचा नाही. उच्च दाबाचा हायड्रोजन आणि प्राणघातक हायड्रोजन सल्फाइड आपल्या खोल्यांमध्ये नकोच.

दुसरा मार्ग अधिशोषणाचा, म्हणजे रेणू पृष्ठभागावर धरून ठेवण्याचा. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील राल्फ यांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की तांबे किंवा चांदी चढवलेला झिओलाइट वाय साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला इंधनातली थायोफीन-वर्गीय (वलयात गंधक असलेली) संयुगे धरून ठेवतो. क्युप्रस (एक धनभार असलेल्या) तांब्याचा आयन थायोफीनच्या वलयातल्या पाय इलेक्ट्रॉनांशी सौम्य बंध करतो. हा बंध नुसत्या भौतिक आकर्षणापेक्षा बळकट असतो, तरी उष्णतेने सुटण्याइतका हलका असतो. आपण हाच मार्ग धरायचा. यात गंधकाचे संयुग तुटत नाही, फक्त धरले जाते. त्यामुळे प्रकल्पात ‘उत्प्रेरक’ आणि ‘अधिशोषक’ हे शब्द जपून वापरा, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न इथून येईल.

झिओलाइट कोणता घ्यायचा

पश्चिम विदर्भात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये पांढरे-गुलाबी चकाकणारे खडे सापडतात. त्यांतले बरेचसे स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट, म्हणजे खरेखुरे नैसर्गिक झिओलाइट असतात. ते वापरावेत हा मोह स्वाभाविक आहे, पण त्यांच्या वाटा डायबेंझोथायोफीनसाठी फार अरुंद आहेत. आपल्याला फोजासाइट रचना लागते, म्हणजे झिओलाइट एक्स किंवा वाय. तिच्या खिडक्या सुमारे ०.७४ नॅनोमीटरच्या असतात आणि आतली पोकळी त्याहून मोठी असते.

सोडियम-वाय विकत मिळत असेल तर तोच घ्या. त्यात सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण साधारण २.५ असते, तो सौम्य आम्लात टिकतो आणि प्रकल्पाचा वेळ वाचतो. तो नसेल तर १३-एक्स मॉलिक्युलर सीव्हचे मणी चालतात. मात्र त्यांत मातीचा बाइंडर असतो, म्हणून प्रति ग्रॅम आकडे कमी येणार हे धरून चला.

राखेपासून करायचे असेल तर पद्धत अशी. राखेतली लोहयुक्त कणी चुंबकाने काढा. राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुवा, मग पाण्याने धुऊन वाळवा. १० ग्रॅम राख आणि १२ ग्रॅम कॉस्टिक सोडा एकत्र घोटा. निकेलच्या क्रुसिबलमध्ये ६०० अंशांवर एक तास वितळवा. चिनी मातीचे क्रुसिबल वापरू नका, वितळलेला कॉस्टिक ते खातो. थंड झालेला गोळा कुटून १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ढवळत ठेवा. मग पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीत, न ढवळता, ९० ते ९५ अंशांवर ८ ते १० तास ठेवा. गाळा आणि धुण्याच्या पाण्याचा पीएच ९-१० वर येईपर्यंत धुवा. अशाने बहुतेक वेळा झिओलाइट एक्स मिळतो.

‘बहुतेक वेळा’ म्हणण्याचे कारण असे, की तापमान किंवा वेळ वाढली तर एक्सचे रूपांतर झिओलाइट पी किंवा सोडालाइटमध्ये होते, आणि हे दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. म्हणून नमुना एक्स-रे डिफ्रॅक्शनला पाठवाच, नागपूर किंवा अमरावतीत ही सोय मिळते. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी घेतलेल्या आलेखात टू-थीटा ६.१ अंशांजवळ मोठे शिखर आणि १०, ११.८, १५.५, २३.५ अंशांजवळची शिखरे दिसली तर फोजासाइट आहे. १२.५, २१.७ आणि २८.१ दिसले तर झिओलाइट पी, १४ आणि २४.४ दिसले तर सोडालाइट. २६.६ ला न विरघळलेला क्वार्ट्झ जवळजवळ नेहमी थोडा उरतो, त्याची काळजी करू नका.

अहवाल यायला वेळ लागणार असेल तर तोवर एक घरचीच चाचणी करा. नमुना ३५० अंशांवर कोरडा करून त्याचे वजन घ्या आणि बंद डेसिकेटरमध्ये, तळाशी मिठाचे संपृक्त द्रावण ठेवून, दोन दिवस राहू द्या. चांगला फोजासाइट स्वतःच्या वजनाच्या २५ टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे अधिक पाणी घेतो. नुसती राख जवळजवळ काहीच घेत नाही. यातून रचना सिद्ध होत नाही, पण पुढे जायचे की पुन्हा करायचे एवढे कळते.

तांबे चढवणे

हवेत ठेवलेल्या सोडियम-वायमध्ये वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणीच असते. ते धरून हिशेब केला तर १० ग्रॅम पावडरीत बदलता येण्याजोगे सोडियम साधारण ३२ मिलिमोल येते. तांबे द्विसंयुजी असल्याने त्याची जागा घ्यायला १६ मिलिमोल पुरतात. आपण २५ मिलिमोल घेऊ: ६.०४ ग्रॅम कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट, ५०० मिली डिस्टिल्ड पाण्यात. हे ०.०५ मोलर द्रावण झाले.

संत्र्याच्या पट्ट्यात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असते. ते स्वस्त आहे आणि रासायनिक दृष्ट्या कॉपर सल्फेटच आहे. पण बाजारातल्या मोरचुदात लोह आणि इतर भेसळ असते, आणि गंधक मोजायच्या प्रयोगात सल्फेट आत राहून जाणे परवडणारे नाही. पुढे घन पदार्थातले गंधक मोजायची वेळ आली तर आकडा फसवा येईल. नायट्रेट मिळतच नसेल तर प्रयोगशाळेच्या दर्जाचे कॉपर सल्फेट घ्या आणि धुण्याच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा गढूळपणा पूर्ण थांबेपर्यंत धूत राहा.

आता सगळ्यात नाजूक जागा. सोडियम-वाय पाण्यात टाकला की पाणी अल्कधर्मी होते, आणि तांब्याच्या द्रावणाचा पीएच ५ च्या वर गेला की तांबे हायड्रॉक्साइड किंवा भास्मिक क्षार होऊन बाहेर बसू लागते. मग पावडर छान निळी दिसते, पण तांबे पोकळीत नसून बाहेर चिकटलेले असते. म्हणून झिओलाइट एकदम ओतू नका. चमचा-चमचा टाका, ढवळत राहा आणि सौम्य नायट्रिक आम्लाच्या थेंबांनी पीएच ४ ते ५ मध्ये ठेवा. ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका, कारण तिथे झिओलाइटच्या सांगाड्यातून अ‍ॅल्युमिनियम निघू लागते. राखेचा झिओलाइट एक्स आम्लाला याहूनही हळवा आहे. त्याच्यासाठी द्रावण ०.०१ ते ०.०२ मोलर ठेवा आणि पीएच ५ च्या जवळ राखा.

खोलीच्या तापमानाला २४ तास ढवळा, गाळा, धुवा आणि ताज्या द्रावणात पुन्हा एकदा तेच करा. प्रत्येक वेळी गाळलेले पाणी आणि धुण्याचे पाणी जपून ठेवा, कारण त्यावरूनच किती तांबे चढले ते कळणार आहे. ठरावीक भागात अमोनिया घालून गडद निळा रंग आणा आणि कलरीमीटरवर ६२० नॅनोमीटरच्या फिल्टरने मोजा. घातलेल्या तांब्यातून उरलेले वजा केले की चढलेले तांबे मिळते. पूर्ण बदल झाला तर कोरड्या झिओलाइटच्या प्रत्येक ग्रॅममागे २.२ मिलिमोल, म्हणजे सुमारे १४० मिलिग्रॅम तांबे असायला हवे. तुमचा आकडा याहून बराच वर गेला तर आनंद मानू नका, तांबे बाहेर बसले आहे असे समजा.

तापवणे

पावडर ११० अंशांवर रात्रभर वाळवा. ओल्या अवस्थेत थेट मोठ्या तापमानाला नेली तर वाफेनेच रचना मोडते. त्यानंतरचे काम नायट्रोजन किंवा अर्गॉनच्या प्रवाहात, क्वार्ट्झच्या नळीत करायचे आहे. मिनिटाला एक-दोन अंश या गतीने आधी १२० अंशांवर दोन तास, मग ४५० अंशांवर चार तास. नायट्रोजनचे सिलिंडर मिळायला वेळ लागत असेल तर टिग वेल्डिंग करणाऱ्या वर्कशॉपकडे अर्गॉन असतो. तो सिलिका जेलच्या नळीतून कोरडा करून वापरा.

या टप्प्यात क्युप्रिक (दोन धनभारांचे) तांबे बाहेरचा कोणताही क्षपणकारक न घालता क्युप्रस होते, याला स्वयं-क्षपण म्हणतात. सगळे तांबे बदलत नाही, तेही ठीक आहे. रंगावर लक्ष ठेवा: ओलसर पावडर निळसर असते, कोरडी होताना हिरवट होते आणि स्वयं-क्षपणानंतर फिकट पडते. बाहेर काढल्यावर पुन्हा निळी झाली तर दमट हवा आत शिरली आहे.

वीज गेली तर काय? वाळवण्याच्या टप्प्यात फारसे बिघडत नाही. पण ४५० अंशांच्या टप्प्यात वीज गेली तरी गॅसचा प्रवाह बंद करू नका. नळी थंड होईपर्यंत तो चालूच राहिला पाहिजे, नाहीतर गरम पावडर हवा ओढून घेते आणि तांबे पुन्हा क्युप्रिक होते. लोडशेडिंगचे वेळापत्रक बघूनच हा टप्पा सुरू करा.

गॅसची सोय अजिबात नसेल तर हवेतच ४५० अंशांवर तापवून क्युप्रिक तांब्याचा नमुना वापरा आणि अहवालात तसे स्पष्ट लिहा. गंधक तोही धरतो, फक्त कमी. चांदी चढवलेल्या झिओलाइटला स्वयं-क्षपण लागत नाही, पण ती महाग आहे आणि उजेडाने काळी पडते.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, हा प्रयोग खरोखर अवघड होतो. उघड्यावर ठेवलेली पावडर वजन करेपर्यंतच पाणी ओढते आणि तांब्याच्या जागा पाण्याने भरून जातात. मग थायोफीनला जागा उरत नाही. यावरचा उपाय असा, की पावडर तापवण्याआधीच छोट्या काचेच्या नळ्यांमध्ये मोजून भरा, त्या नळ्या क्वार्ट्झच्या नळीत ठेवून तापवा आणि गॅसच्या प्रवाहातच थंड करून रबरी बूच लावा. इंधन सिरिंजने बुचातून आत सोडा. कोरडे वजन किती हे वेगळ्या नमुन्याच्या वजनातल्या घटीवरून काढा.

नमुना इंधन

पंपावरचे पेट्रोल घेऊ नका. त्यात गंधक आधीच १० पीपीएमच्या आत आहे आणि आता इथेनॉलही मिसळलेले असते. ते तांब्याच्या जागा स्वतःच अडवते. गंधकाचे प्रमाण आपल्या हातात असलेले नमुना इंधन बनवा.

मी डायबेंझोथायोफीन सुचवतो. तो घन आहे, तोलता येतो आणि थायोफीनसारखा घाण वास घेऊन उडून जात नाही. त्याच्या वजनात गंधक १७.४ टक्के असते. वजनाने ५०० पीपीएम गंधकाचे १०० ग्रॅम इंधन हवे असेल तर ५० मिलिग्रॅम गंधक, म्हणजे २८७ मिलिग्रॅम डायबेंझोथायोफीन घ्या आणि एन-ऑक्टेनने एकूण वजन १०० ग्रॅम करा. थायोफीनच वापरायचे असेल तर १३१ मिलिग्रॅम लागेल. सगळे वजनानेच करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकारमानावर भरवसा ठेवता येत नाही.

एन-ऑक्टेनचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकेल असे किमान तापमान) १३ अंश आहे. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंख्याखालची प्रयोगशाळाही चाळिशीच्या आसपास असते, म्हणजे बाटली उघडताच पेट घेणारी वाफ तयार असते. स्टोव्ह, बर्नर, उघडी हॉटप्लेट खोलीत नको. शक्य असेल तर हे काम सकाळच्या थंडाव्यात करा.

चाचणी आणि हिशेब

०.२ ग्रॅम कोरडा अधिशोषक, १४ ग्रॅम इंधन, घट्ट बूच, खोलीचे तापमान. एकाच वेळी चार संच लावा: तांब्याचा झिओलाइट, तांबे न चढवलेला पण अगदी तसाच तापवलेला सोडियम झिओलाइट, नुसते इंधन, आणि नुसत्या ऑक्टेनमध्ये तांब्याचा झिओलाइट. तिसऱ्या संचावरून बाष्पीभवनाने तीव्रता किती वाढली ते कळते, चौथ्यावरून पावडरीमुळे यूव्हीमध्ये काही भलतेच दिसते का ते. दुसरा संच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. सोडियम-वाय स्वतःच बरेच डायबेंझोथायोफीन धरतो, आणि तो आकडा न देता ‘तांब्याने इतके टक्के गंधक काढले’ असे लिहिणे म्हणजे झिओलाइटचे श्रेय तांब्याला देणे.

१५ मिनिटे, ३० मिनिटे, १ तास, २ तास आणि २४ तासांनी नमुने घ्या. सेंट्रिफ्यूज करा किंवा पीटीएफईच्या सिरिंज फिल्टरने गाळा आणि गाळलेला पहिला थोडा भाग टाकून द्या. बारीक कण राहिले तर प्रकाश विखुरतो आणि गंधक उरलेले जास्त दिसते.

मोजणी यूव्हीवर ३२५ नॅनोमीटरला करा. डायबेंझोथायोफीनची यापेक्षा मोठी शिखरे २३५ आणि २८६ ला आहेत, पण पुढे टोल्युइन घालायचे आहे आणि ते खालच्या भागात शोषण करते. ३२५ ला ते आड येत नाही. क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी. नमुना ऑक्टेनने पातळ करून शोषणांक ०.२ ते ०.८ मध्ये आणा आणि स्वतःची कॅलिब्रेशन रेषा काढा, पुस्तकातला गुणांक वापरू नका.

समजा तांब्याच्या संचात गंधक ५०० वरून ३०० पीपीएमवर आले. १४ ग्रॅम इंधनातून २०० पीपीएम, म्हणजे २.८ मिलिग्रॅम गंधक गेले. ०.२ ग्रॅमने भागले की क्षमता १४ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. सोडियमच्या संचात ५०० चे ४३० झाले असतील तर त्याची क्षमता ४.९. तांब्याचा खरा हातभार या दोन्हींतला फरक, म्हणजे सुमारे ९. अहवालात हे तिन्ही आकडे द्या. प्रत्येक संच किमान तीनदा करा.

मग १००, २००, ३००, ४०० पीपीएमचे इंधन घेऊन समतापी आलेख (एकाच तापमानाला उरलेले गंधक विरुद्ध धरलेले गंधक) काढा. लँगम्यूरचे समीकरण बहुधा बसते.

याहून मोलाचा प्रयोग टोल्युइनचा आहे. इंधनात वजनाने १० आणि २० टक्के टोल्युइन घालून तीच चाचणी पुन्हा करा. क्षमता ठळकपणे खाली येईल, कारण टोल्युइनच्या वलयातही पाय इलेक्ट्रॉन आहेत आणि तेही तांब्याशी बांधले जाते. खऱ्या पेट्रोलमध्ये सुगंधी संयुगे गंधकाच्या कितीतरी पट असतात. नुसत्या ऑक्टेनमधला मोठा आकडा घेऊन पोस्टर करणारे प्रकल्प मी बरेच पाहतो. टोल्युइनसकट आलेला लहान आकडा मला त्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. शेवटी एका संचात पाण्याचा एक थेंब घालून बघा. क्षमतेतली घट बघितली की कोरडेपणावर इतका भर का दिला ते विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

पुन्हा वापर आणि उरलेले पाणी

वापरलेला अधिशोषक ऑक्टेनने ओला असताना ओव्हनमध्ये किंवा मफलमध्ये ठेवू नका, स्फोट होऊ शकतो. आधी फ्यूम हूडमध्ये पूर्ण उडू द्या, मग गॅसच्या प्रवाहात १२० अंशांवर वाळवा. त्यानंतर हवेच्या प्रवाहात ३५० अंशांवर जाळा. बाहेर येणारा सल्फर डायऑक्साइड सौम्य कॉस्टिकच्या द्रावणातून बुडबुडे काढत सोडा. तांबे या टप्प्यात क्युप्रिक झालेले असते, म्हणून नायट्रोजनमध्ये ४५० अंशांचा टप्पा पुन्हा करावा लागतो. असे तीन-चार फेरे करून क्षमता किती टिकते ते नोंदवा, आणि शेवटच्या फेऱ्यानंतर एक्स-रे पुन्हा घ्या.

तांब्याचे सांडपाणी बेसिनमध्ये ओतू नका. आपल्या बहुतेक महाविद्यालयांचे सांडपाणी नाल्यात किंवा शोषखड्ड्यात जाते आणि जवळच विहीर असते. धुण्याचे पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये साठवा, चुन्याच्या निवळीने पीएच ८ ते ९ करा, रात्रभर निवळू द्या आणि खाली बसलेला निळा गाळ वाळवून लेबल लावून ठेवा. कलरीमीटरसाठी अमोनिया घातलेले नमुने या ड्रममध्ये टाकू नका. अमोनिया तांब्याला विरघळलेलेच ठेवतो आणि वरचे पाणी निळेच राहते. ते वेगळ्या बाटलीत जमवा, आम्लाने उदासीन करा आणि त्यातले तांबे लोखंडी खिळ्यांवर उतरवून घ्या.